जयवंताची झोप

कळंबच्या रानात उसाच्या लागणी सुरू झाल्या की जयवंताचा आवाज आधी येतो आणि जयवंता मागनं. बायकांच्या टोळीची ती पुढारीण. साडीवरून नवऱ्याचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट चढवायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा आणि सरीत उसाची कांडी टाकत पुढं निघायचं. पाठ बायकांकडं, पण हिला पाठीला पण डोळे.

"सारजे, कांडीचा डोळा बाजूला ठिव की गं! मातीत तोंड खुपसून तुझा नवरा तरी उठतोय का? मग उसानं कसं उठावं?"

सारजा, म्हणजे शेजारीण, मागनं चिखलाचा गोळा मारते. जयवंता हसते, आणि तिच्या हसण्यानं पाटाच्या कडेचे बगळे उडतात. बगळ्यांना अजून सवय झाली नाही, बाकी गावाला झाली.

ही झाली मधली जयवंता. हिच्या एका अंगाला एक जयवंता आहे आणि दुसऱ्या अंगाला आणखी एक. एका बाईच्या कातड्यात तिघी राहतात, आणि तिघींना मिळून नवरा एकच, मानसिंग, भवानीनगरच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. बिचारा अबोल. तीन बायकांत माणूस बोलणार तरी कधी?

पहिली कशी म्हणाल, तर एका साली ही तांबडं फुटायच्या आत उठली, स्वतःचं अंगण सारवलं. हात थांबेना म्हणून सारजाचं सारवलं. मग अख्खी आळी. लोक चूळ भरायला बाहेर आले तर पाय घसरून पडायला लागले. तेवढ्यावर भागलं नाही. वाटेवर दिसेल त्याला पुरणपोळीचं आवतण दिलं. मानसिंग कामावरून आला तर दारात पंगत बसलेली. हातपाय धुतले, पंगतीला बसला, शेजारच्याला विचारलं, "काय कार्य हाय? कुणाचं घर हे?" तो म्हणाला, "तुमचंच की राव."

गाव हसलं. मग थोड्याच दिवसांत दुसरी आली, आणि हसू थांबलं. ती दुसरी भिंतीकडं तोंड करून निजली. चहाला साय धरायची, भाकरी वाळून जायची. पोरगी सोनम तेव्हा शाळेत, ती आईच्या पाठीशी बोलत बसायची. टोळीतली सगळ्यात म्हातारी सरुबाई रोज सकाळी फणी घेऊन यायची. काय झालं, का झालं, एक अक्षर विचारलं नाही. उठवून बसवायची, वेणी सोडायची, तेल लावायची, वेणी घालायची, निघून जायची. सरुबाईचा हात म्हणजे खुरप्याचा हात, केस उपटल्यागत ओढले जायचे. त्या काळातलं जयवंताला दुसरं काही आठवत नाही, ते केस ओढलेले तेवढे आठवतात.

पुढं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. जयवंताला नाव फार आवडलं. ती म्हणाली, "बाई, माझ्या डोक्याला पाटकरीच न्हाय बघा. पाणी सुटलं की बांध फोडून सुटतंय, आन बंद झालं की प्यायला थेंब न्हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग ही गोळी म्हणजे तुमचा पाटकरी. दार उघडणारा आणि बंद करणारा. रोज रात्री, जेवणानंतर."

आणि बाईनं ते असं पाळलं की काय सांगावं. वर्षामागं वर्ष. घास संपला की गोळी. रक्त तपासायला वेळच्या वेळी बारामती. सोनमचं लग्न लावलं, लोणी भापकरला दिली, त्या धांदलीतसुद्धा गोळी चुकली नाही. आपण मधोमध उभं राहू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. कधी सरीत वाकलेली असताना थांबायची आणि स्वतःचे हात बघत राहायची, की हे हात आज सकाळी पण कालचेच आहेत.

मग सोनमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. हा रिवाज काय आज पडला नाही. पण लोणी भापकरची विहीण, इंदिराबाई, मोठी सावध बाई. दूध घेताना पण बोट बुडवून बघणारी. हिच्या कानावर पुरणपोळीची पंगत गेलेलीच होती. तोंडावर म्हणायची नाही, पण ओटीभरण झालं तरी पोरीला धाडायचं नाव काढेना. "नवरात्र होऊ द्या," म्हणाली, "मग बघू."

ते 'बघू' जयवंताच्या काळजात कुसळागत शिरलं. तिला दुसरं काही नको होतं. लेक दारात यावी, आणि नातवंडाला आपल्या पायांवर घेऊन पहिलं न्हाणं आपण घालावं, बस. म्हणून तिनं नवरात्राचा उपास धरला, नऊच्या नऊ दिवस.

इथंच घोटाळा झाला, आणि असा झाला की हसावं का रडावं कळू नये. नियम पाळणारी बाई! गोळी कधी घ्यायची? जेवणानंतर. उपासात जेवण असतं का? नसतं. फराळ असतो. जेवण नाही, तर गोळी नाही. इतकं सरळ. मानसिंग कारखान्यात अडकलेला, गाळपाच्या आधीची कामं. बघायला कुणी नाही.

माळेमागं माळ चढत गेली आणि झोप उतरत गेली. सातव्या माळेला जयवंताच्या तोंडावर असं तेज चढलं की बायका दारातनंच हात जोडायला लागल्या. आरत्या तिच्या तोंडून येत होत्या त्या गावात कुणी ऐकलेल्या नव्हत्या. सारजा, जी चिखल मारायची ती सारजा, पदर पसरून बसली आणि म्हणाली, "देवी आली गं हिच्या अंगात."

जयवंताला काय होत होतं? तिला घटातलं धान वाढताना दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं, कोंब माती फोडताना बारीक हुंकार देत होता. समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यात त्या बाईची पाच वर्षांची पोर दिसत होती, आणि त्या सगळ्या पोरींची आई आपण आहोत असं वाटून तिचा ऊर भरून येत होता. खोटं कशाला, ते फार सुंदर होतं. आजार म्हणून त्याला कुणी हिणवू नये. सगळ्या जगाला आतनं दिवा लावल्यासारखं होतं. असं एकदा बघितलेली बाई रोज रात्री आपल्या हातानं तो दिवा बारीक करते, याला किती छाती लागत असेल, विचार करा.

अष्टमीला इंदिराबाई सोनमला घेऊन दर्शनाला आली. घरात पाय ठेवायला जागा नाही. धुपाचा धूर. घटापुढं केस मोकळे सोडून बसलेली आपली विहीण बघितली आणि त्या सावध बाईचा सगळा सावधपणा गळाला. जयवंतानं सोनमच्या पोटावर हात ठेवला.

"पोरगा हाय," ती म्हणाली. "कपाळावर चंद्र घिऊन येतोय."

इंदिराबाई गुडघ्यावर बसली आणि तिनं विहिणीच्या पायांवर डोकं टेकलं. सगळ्या बायांनी हात जोडले. आणि तेवढ्यात दारापाशी बसलेली सरुबाई बोलली.

"जयवंते, गोळी खाल्लीस का?"

भरल्या घरात कुणी हंडा पाडावा तसं झालं. सारजा कुजबुजली, "आवो सरुबाई, देवीला आसं इचारत्यात व्हय?"

"देवीला न्हाय इचारलं. देवीला कशाला गोळी लागतीया? जयवंताला इचारलं."

जयवंताचं तोंड शाळेत मास्तर उगीच ओरडल्यावर पोरीचं होतं तसं झालं. "जेवणानंतर घ्याची हाय ती. माझं जेवण कुठं झालंय? घट बसल्यापास्नं फराळ हाय नुसता."

सरुबाईनं कपाळाला हात लावला. "आगं माझे बाय! भगरीचं पातेलं चाटून पुसून मोकळं करतीस, आन म्हणतीस जेवले न्हाय!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. इंदिराबाईचे हात अजून जयवंताच्या पायांवर होते. ते तिनं हळूच काढून घेतले.

त्याच दुपारी तिनं सोनमला परत नेलं. भांडली असती तर जयवंतानं चार शब्द दिले असते. पण ती मऊ बोलली. "तब्येत जपा, विहीणबाई. बाळंतपणाचं आमी बघतो." सोनम गाडीत बसेपर्यंत मागं वळून बघत होती.

मानसिंगनं जयवंताला मोटारसायकलवर बारामतीला नेलं. मधे जयवंता, मागं सरुबाई. सरुबाईनं तिला कमरेला घट्ट धरलेलं, कारण ही वाटेत दिसेल त्याला आशीर्वाद द्यायला उतरायची. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "जयवंताबाई, गोळीला वरणभात आणि भगर यातला फरक कळत नाही हो. पोटात काही पडलं की ते जेवणच. आणि उपास धरायचा तर आधी मला विचारायचं."

मग पाटकरी परत कामावर रुजू झाला. पण चढलेलं पाणी उतरताना खाली नेतंच. दिवाळीला दारात पणती लागली ती सारजानं लावली. बिचारीला वाटत होतं, आपण देवी देवी केलं म्हणून झालं. सरुबाई परत फणी घेऊन यायला लागली. या वेळी जयवंता एवढंच बोलली, "हळू वढ की गं म्हातारे." ते ऐकून सरुबाई बाहेर अंगणात गेली आणि पदरानं डोळे पुसून आली. कारण गेल्या खेपेला हे ओरडणं यायला फार वेळ लागला होता.

जरा बरं वाटल्यावर जयवंता डॉक्टरीणबाईंपुढं बसली. "मला लेकीचं बाळंतपण कराचंय. करू का नको, सरळ सांगा."

"करा की. कोण नाही म्हणतंय? पण एक आहे. तुमची रात्रीची झोप ही पण गोळीच आहे. ती मोडली की पहिल्या गोळीचा उपयोग नाही. बाळंतिणीच्या घरात रात्री आजी झोपते का कधी?"

तान्हं पोर आणि रात्रीची झोप. उसाच्या फडात राहून पाचट अंगाला लागू द्यायचं नाही म्हणण्यासारखंच झालं. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मानसिंग म्हणाला, "मी जागीन की." ती म्हणाली, "तुमी? काट्यावर उभ्या ट्रॅक्टरला टेकून झोपणारा माणूस तुमी!"

दुसऱ्या दिवशी रानात तिनं बायांना सगळं सांगितलं. कामं थांबली. सरुबाईनं खुरपं मातीत रोवलं.

"मग सावड करू."

आता सावड म्हणजे काय, हे शहरातल्या पोरींना सांगायला लागतं. आज सगळ्या मिळून माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या रानात. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त आल्याला गेलं पाहिजे. पेरणीला सावड करतात, खुरपणीला करतात, लागणीला करतात. रात्रीची सावड केलेली कुणी ऐकली नव्हती.

"रातीची?" सारजा म्हणाली.

"का? रातीला काय काटं असत्यात? रान राखतो तशी रात राखायची. आज मी, उद्या तू. हिनं दिवसा करावं, आपुन रातीला. आन आपल्या पोरीसुना बाळंत होतील तवा दिवसाचं ही करंल."

"मी घोरते पर," सारजा म्हणाली.

"मग तर ब्येसच. पोरगं पाळण्यात गप्प ऱ्हाईल भ्याऊन."

जयवंताला वाटलं होतं, बाया हळहळतील, च्यक च्यक करतील. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आपली झोप ही दुसऱ्या कुणी राखायची चीज आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, जशी अष्टमीला बघत होती. फरक एवढाच, की आज ती शुद्धीत होती, आणि तरीसुद्धा सगळ्यांना आतनं दिवा लागलेला दिसत होता.

मग टेम्पोतनं वरात निघाली लोणी भापकरला. इंदिराबाईनं दारात एवढ्या बाया बघितल्या आणि तिला वाटलं, भांडायला आल्या. चहा टाकला. कप हातोहात फिरले. मग जयवंताच बोलली.

"विहीणबाई, मला आजार हाय. लपवून ठिवला व्हता, चुकलं. गोळी घेतली की मी मानसावानी मानूस अस्ते. त्या दिशी तुमी देवीच्या न्हाय, माझ्या आजाराच्या पाया पडला."

इंदिराबाईचं तोंड लाल झालं. कारण तिला खरी लाज त्याचीच वाटत होती. सरुबाई कपात तोंड घालून हसली.

"हसू नगा," इंदिराबाई म्हणाली. "माझं तोंड बघून हसताय, पर माझा जीव थाऱ्यावर न्हाय. तान्हं लेकरू हाय. रातीला यांना काय झालं, तर?"

"रातीला ती एकटी न्हायच," सरुबाई म्हणाली, आणि सावडीचं सांगितलं. कोण कधी, कशी, सगळं.

आतल्या दारात सोनम उभी होती, पोटावर हात ठेवून. "आत्याबाई, मी आईला दोन्ही रंगात बघितलंय," ती म्हणाली. "निजलेली असली तरी माझा आवाज आला की तिची पाठ हलायची. मला तिच्याकडंच जायचंय."

इंदिराबाईनं बराच वेळ बशी पुसली. पुसून पुसून बशीवरचं फूल जायची वेळ आली. मग म्हणाली, "धाडते. पर बाळ घरी आलं की मी पण येणार ऱ्हायला. माझ्या डोळ्यानं बघणार. न्हाय पटलं, तर दोघांस्नी उचलून आणणार. मग कुणी आडवं याचं न्हाय."

"कबूल," जयवंता म्हणाली.

थंडीत, बारामतीच्या दवाखान्यात, सोनम बाळंत झाली. मुलगी. कपाळावर चंद्र नाही, चांदणी नाही, नाक तेवढं मानसिंगचं, बसकं. सारजा म्हणाली, "देवीनं थाप मारली गं." आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं इंदिराबाई हसली, तेव्हा जयवंताच्या छातीवरची एक धोंड खाली उतरली.

घरी आणल्यावर पहिली पाळी सरुबाईची. जयवंता जेवली, गोळी घेतली, आतल्या खोलीत जाऊन निजली. तिला वाटलं, कशाची झोप लागते. आणि डोळे उघडले तर पत्र्याच्या फटीतनं उजेड आलेला. ती ताडकन उठली. बाहेर आली. सोनम निजलेली, बाळ तिच्या कुशीत निजलेलं, आणि सरुबाई भिंतीला टेकून चहा पीत बसलेली, केस पिंजारलेले.

"रडली का गं?"

"रडली की. कोंबड्यागत आरडली. खांद्यावर टाकली, फिरवली, सोनमनं पाजली, झोपली. तू घोरत व्हतीस."

जयवंता उंबऱ्यात उभी राहिली. अख्खी रात्र तिच्याशिवाय पार पडली होती. बाळ रडलं आणि निवलं, चूल पेटली, दिवस उगवला. जन्मभर तिला वाटत आलं होतं की आपण धरून ठेवलं नाही तर सगळं पडतं, आणि आपण पडलो की सगळं संपतं. तसं काही झालं नव्हतं. कुणीतरी धरलं होतं. ती मोठ्यानं काहीच म्हणाली नाही, आणि जयवंता गप्प आहे हे बघून सरुबाईनं आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

इंदिराबाई हे सगळं आतनं बघत होती. ती पण रात्रभर जागीच होती, दुसऱ्या कोपऱ्यात, गोधडीत डोळे उघडे ठेवून. चुकायची वाट बघत. चुकलं काहीच नव्हतं.

उन्हं अंगणात आली. बंब तापला. न्हाणीत पाट मांडला, तेलाची वाटी, डाळीचं पीठ. बाळाला कोण न्हाऊ घालणार हे कुणी बोललं नाही. जयवंता पाटावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, दोन्ही पाय लांब सोडले. तेलाकडं हात नेला तर वाटी किंचित किणकिणली.

बाळ इंदिराबाईच्या हातात होतं. ती तिथंच थांबली. "हात कापतोय तुमचा."

"व्हय. गोळीचा हाय," जयवंता म्हणाली. "डॉक्टरीणबाईस्नी ठाव हाय. कापूस हलतो तसा कापतोय, धरायचं सुटत न्हाय. आन पाय कापत न्हाईत. बघा."

इंदिराबाईनं बघितलं. दोन्ही पाय जोडून ताठ होते, चिखलात उभं राहून राहून दगडागत झालेले, टाचांना भेगा पडलेले. तिनं वाकून आपल्या पंजानं त्या नडग्या दाबून बघितल्या, बाजारात गाय बघतात तशा. सोनम दारातनं पुढं सरकली. सारजा बोलायला गेली तर सरुबाईनं तिला चिमटा काढला.

इंदिराबाईनं नातीला जयवंताच्या पायांवर पालथं घातलं. एवढासा जीव, त्या दोन पायांच्या खाचेत असा बसला जसा मापानं केला होता. जयवंतानं तळहातावर तेल घेतलं आणि त्या इवल्या पाठीवर ठेवलं. कापणारा हात पाठीला लागला, आणि बाळानं एक लांब जांभई दिली.

जयवंता ती जांभई बघत राहिली.

"थंडी वाजंल तिला, बघत काय बसलाय?" इंदिराबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, समोर उकिडवी बसली आणि तांब्या बंबाच्या पाण्यात बुडवला. कोपरानं पाणी बघितलं. "कोमट हाय. मी घालते पानी. तुमी चोळा."